देवाला दिलेला हात

राक्षस एकाच हातानं का मारतो, यावरून मी समृद्धीला झापलं. झापलं म्हणजे माझी बायको शांताक्का स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली, एवढं झापलं. भूमच्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. पोरांना हाताचा पंजा काढायचा म्हणलं की जिवावर येतं. मग चित्रातला राजा असो, शिपाई असो, नाहीतर गुराखी असो, त्याचे हात गुपचूप पाठीमागं जातात. ही चोरी मी हजार वेळा पकडलीय. आणि आता ही पंचवीस वर्षांची बाई, पुण्यात शिकून आलेली, जपानी कंपनीचं काम करणारी, राक्षसाचा अख्खा उजवा हात पाठीमागं दडवून मला दाखवत होती.

पंजा काढायचा कंटाळा आला का, असं मी विचारलं.

ती म्हणाली, "न्हाय सर. त्याचा तो हात देवाला दिलेला हाय."

आणि मी, गुरुलिंग मास्तर, स्वतःला चित्रातलं कळतं असं समजणारा शहाणा माणूस, खूश झालो. काय डोकं चालवलंय पोरीनं, असं म्हणलो. शांताक्काला हाक मारून सांगितलं, की बघ, ह्याला कल्पनाशक्ती म्हणतात. आता ते आठवलं की आपल्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

समृद्धी बब्रुवानची मुलगी. भूमच्या बाहेर माळावर धनगरांची सात-आठ घरं आहेत, त्यातलं एक त्यांचं. पत्र्याचं छप्पर, बाजूला मेंढरांचा वाडा, आणि आतल्या खोलीत पोरीनं स्वतःच्या कमाईनं आणलेलं टेबल, त्यावर ती काचेची पाटी जिच्यावर पेन्सिलीसारख्या कांडीनं चित्र निघतं. पुण्यातल्या एका स्टुडिओकडं जपानी चित्रमालिकांचं काम येतं. पोरं त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. मोठाले डोळे, वाऱ्यानं उडणारे केस, आणि मारामारी. समृद्धीचं काम म्हणजे अख्खा भाग आधी चौकटी-चौकटीत काढून द्यायचा. कोण कुठं उभा, कोण कुणाकडं बघतो, मार कुठं बसतो, सगळं. त्या चौकटी एकामागोमाग पळवल्या की कच्चा सिनेमा तयार. बाजाराच्या दिवशी ती माझ्याकडं यायची, चहा प्यायची आणि पाटी पुढं करायची. मला त्या मालिकेतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण चूक काढायची सवय काही निवृत्त होत नाही.

गोष्ट बर्फाच्या देशातली. तिथल्या माणसांना डोक्यावर शिंगं. नायिका दहा-बारा वर्षांची पोर, एक शिंग मोडलेलं. तिचं जपानी नाव माझ्या जिभेला वळेना, म्हणून मी तिला शिंगी म्हणायला लागलो आणि पुढं समृद्धीही तेच म्हणायला लागली. दर हिवाळ्यात डोंगरावरून राक्षस उतरतो, गावातली एक बाई, दरवेळी तीच, ओढून चौकात आणतो आणि मारतो. पहिले आठ भाग दुसऱ्यांनी केले. आठही भागांत शिंगी गाड्याखाली लपून बसलेली. नवव्या भागात शिंगी बदलली पाहिजे आणि ती बदललीय हे जवळजवळ एकही शब्द न बोलता नुसत्या चित्रांतून दिसलं पाहिजे, अशी जपानी दिग्दर्शक बाईंची मागणी होती. म्हणून तो भाग समृद्धीला दिला.

तिला का दिला, तेही सांगतो. स्टुडिओत तिच्या मारामाऱ्या प्रसिद्ध होत्या. बाकीचे चित्रकार काढतात ती फिरणारी मूठ आणि उडणारं रक्त. समृद्धी मार बसायच्या आधीचं काढायची. एका चौकटीत बाई हातातल्या बांगड्या कोपराकडं सारते, फुटून रुतू नयेत म्हणून. दुसरीत कुत्रं उठून बाहेर निघून जातं. तिसरीत पोर तोंडातला घास चावायचं थांबते. मग चौथ्या चौकटीत फटका. बर्फावर दोन दात पडतात आणि बाई ते दात गोळा करून मुठीत घेते, कुणी बघायच्या आत. मी म्हातारा माणूस, पण ती चौकट बघून माझ्या हातातला चहा गार झाला.

देवाला दिलेल्या हाताची भानगड तिनंच घातलेली. तिच्या गोष्टीत राक्षसानं पूर्वी उजव्या हातानं एका बाईला जवळजवळ मारूनच टाकलं होतं. तेव्हा गावानं त्याला डोंगरदेवापुढं नेलं आणि त्यानं शपथ घेतली, की हा उजवा हात पुन्हा उचलणार नाही. तेव्हापासून तो डाव्यानं मारतो. उजवा पाठीमागं कमरेत खोचून ठेवतो. गाव समाधानी आहे. राक्षस शब्दाचा पक्का आहे, असं गाव म्हणतं.

दिग्दर्शक बाईंना हे फार आवडलं. पण भाग काही मंजूर होईना. पहिल्या वेळी समृद्धीनं दाखवलं, की शिंगी गाड्याखालून विळा चालवून राक्षसाच्या टाचेची शीर तोडते. तो कोसळतो आणि गाव दगडांनी त्याचं डोकं ठेचतं. परत आलं. दुसऱ्या वेळी डावा पंजा मनगटापासून तोडला. तो पंजा तुटल्यावरही बर्फात बोटं हलवत राहतो, असं काढलं होतं. मी तर त्या रात्री जेवलो नाही. तेही परत आलं. तिसऱ्या वेळी गाड्यासकट राक्षस पेटवला. दिग्दर्शक बाईंनी कळवलं, की रक्त वाढलं, पोरगी वाढली नाही. पहिल्या भागात ती गाड्याखाली होती आणि नवव्यातही गाड्याखालीच आहे.

बाई बरोबर बोलत होती. समृद्धीची सगळी मारामारी खालून दिसायची. पाय, घोटे, लुगड्याचा काठ, जमिनीवर आपटलेला हात. तोंड कधीच नाही. मी म्हणलो, सोपं आहे, नजर वर घे, उभ्या माणसाच्या डोळ्यातून काढ. तिनं तिथंच बसून दोन-तीनदा प्रयत्न केला आणि कांडी खाली ठेवली. "सर, मला वरनं दिसतच न्हाय," ती म्हणाली. "म्या तिथं कधी उभी न्हवते." तेवढ्यावरही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी तिला दृष्टिरेषेचा धडा समजावत बसलो.

शांताक्का चहाचे कप उचलायला आली. तिनं पाटीकडं बघितलं आणि तशीच उभी राहिली. आमचं गाव अणदूर, घरात कानडी. पण भूममध्ये तीस-पस्तीस वर्षं राहून शांताक्काची जीभ इथलीच झालीय.

"री," अशी नवऱ्याला मारायची कानडी हाक मारून ती मला म्हणाली, "हा बब्रुवान हाय."

मी खेकसलो, की हा जपानचा राक्षस आहे. ती म्हणाली, की उजवा हात कमरेत खोचून बायकोला कोण मारतं हे माळावरच्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे, पाणवठ्यावर त्याची चेष्टासुद्धा होते, फक्त तुम्हाला ठाऊक नाही. मी समृद्धीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नव्हती. सरळ माझ्याकडं बघत होती. हे कळायला मला तीन महिने आणि दोनशे चौकटी लागल्या, याचा तिला राग होता आणि तो दिसत होता.

आता ती शपथ. ती मीच घ्यायला लावली होती.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. समृद्धी पाचवीत होती. एका सकाळी तिची आई अयोध्या शाळेच्या फाटकात आली. पदर डाव्या गालावर दाबलेला आणि पदरातून रक्त ठिबकत होतं. बब्रुवाननं उजव्या हाताची सणसणीत ठेवून दिली होती. नुसती एक नाही, बाज धरून उभं केलं आणि हात दुखेस्तोवर. डावा कान कायमचा गेला. ती पोलीस ठाण्यात निघाली होती आणि पोरीला सोबत न्यायला आली होती. मी तिला अडवलं. मला वाटलं, घर मोडेल. माझा शब्द माळावर चालायचा, त्याचा मला गर्वही होता. मी म्हणलो, अयोध्याबाई, ठाणं कशाला, देव आहे की.

मी जीप केली आणि नवरा-बायकोला माझ्या गावी नेलं. आमचा खंडोबा वर्षातला थोडा काळ नळदुर्गाला जातो, पण तेव्हा तो अणदूरलाच होता. धनगराला खंडोबापुढं बेलभंडारा उचलायला लावला की विषय संपला. कोर्टाचा कागद मोडतील, पण उचललेला भंडारा मोडणार नाहीत. बब्रुवाननं हळद आणि बेलाची पानं उजव्या मुठीत घेतली. शब्द मी सांगितले आणि तो माझ्यामागून बोलला: ज्या हातानं बायकोचा कान फोडला तो हा उजवा हात मी तिच्यावर पुन्हा उचलणार नाही, उचलला तर माझा निर्वंश होवो. किती छान शब्द सुचले, असं मला तेव्हा वाटलं होतं. परतीच्या वाटेवर तुळजापूरला मी सगळ्यांना पेढे खायला घातले.

तीन महिने गेले. मग बब्रुवाननं डावा हात उचलला.

समोरासमोर उभ्या बाईला डाव्या हातानं मारलं की मार उजव्या कानावर बसतो. पंधरा वर्षं तो तिथं बसत होता. सहा महिन्यांपूर्वी समृद्धीनं आईला बार्शीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं. त्यांनी सांगितलं, की डावा तर गेलाच, उजव्याच्या पडद्याला मोठं भोक आहे, एक जोराचा फटका आणि हाही संपला. मग जगातलं काही ऐकू येणार नाही. आणि मार बसायचं कारण काय, तर हाक मारली की अयोध्या ओ देत नाही. ज्या माणसानं कान फोडले तोच ऐकू येत नाही म्हणून मारत होता. समृद्धीनं हे सगळं चहाच्या रिकाम्या कपाकडं बघत सांगितलं. आईला पुण्याला न्यायचंय, खोली बघून ठेवलीय, आई येत नाही. मी पुण्याला जाऊन राहिले तर इथं कोण, म्हणून मी इथून काम करते, असं ती म्हणाली. आणि आम्ही गावातले शहाणे म्हणायचो, की पोरगी लग्नाचं वय झालं तरी आईला चिकटलीय.

मी दुसऱ्याच दिवशी माळावर गेलो. बब्रुवान वाड्यात मेंढराची लोकर कातरत होता. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात जनावराला काठी लावली नाही. मेंढरू मांडीवर उताणं, डोळे मिटून, जणू न्हाव्यापुढं बसलंय. कातर चालवताना त्याचा उजवा हात असा हलका फिरत होता, की मला त्या हाताचाच राग आला. मी बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवाला फसवतोस का, असं शेवटी विचारलं.

त्यानं कातर बाजूला ठेवली. तो चिडला नाही, हे जास्त वाईट. "गुरुजी, शब्द तुमचेच," तो म्हणाला. "पंधरा वर्सं झाली. ह्यो हात तिला लागला न्हाय. एकदाबी न्हाय."

त्याला खरंच अभिमान होता हो त्याचा. दारू पिऊन आला तरी तो आधी उजवा हात कमरेत खोचतो आणि मगच डावा उचलतो. मग अयोध्या आतून आली. ओठ फुटलेला. मी तिला हातवारे करून, ओरडून सांगायला लागलो, की तू पोरीबरोबर जा. तिनं माझे ओठ बघून अर्थ लावला आणि मलाच गप्प केलं. म्हणाली, देवाचं पाळलंय त्यांनी, तुमी कशापायी कालवा करताव. भंडारा पाळणाऱ्या माणसाला टाकून गेलं तर पाप कुणाला लागेल, तिला की मला, असं तिनं विचारलं. ती डाव्या हाताचा मार मारच धरत नव्हती. पाऊस-वारा धरावा तसं धरत होती.

मी घरी येऊन शांताक्काला म्हणलो, की माझ्यानं काही होत नाही. ती म्हणाली, तुमच्यानं व्हायचं ते पंधरा वर्षांपूर्वी झालंय.

त्यानंतर समृद्धीनं नववा भाग चौथ्यांदा काढला. तो मला दाखवायच्या आधी तिनं आईला दाखवला, हे मला मागाहून कळलं. चौकटी जोडून पळवलेला कच्चा भाग, त्याला आवाज नसतोच. जपानी भाषा नाही, गाणं नाही, काही नाही. अयोध्याला तसाही आवाज नको होता. घरात कुणाला काही ऐकायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं, आणि सात मिनिटं मायलेकी त्या टेबलाशी बसून राहिल्या.

मी तो भाग पुढं किती वेळा बघितला असेन. सुरुवात आधीसारखीच. बांगड्या वर सरतात, कुत्रं निघून जातं, फटका बसतो. राक्षसाचा डावा पंजा बाईच्या शिंगाला धरून तिला दगडावर आपटतो. एकदा, दोनदा, तीनदा. शिंग मुळातून उपटून येतं. आपण गाड्याखालून बघतोय, आपल्याला रक्त लागलेला दगड दिसतो आणि घरंगळत आलेलं शिंग दिसतं. मग शिंगी सरपटत गाड्याखालून बाहेर येते. हातात विळा नाही, जाळ नाही. आपल्याला वाटतं ही आता राक्षसाकडं बघेल. ती बघत नाही. ती त्या बाईसमोर बर्फावर गाल टेकून आडवी होते. आणि दोनशे चौकटींत पहिल्यांदा त्या बाईचं तोंड दिसतं. तिचा डोळा सुजलेला, एकच उघडा. त्या डोळ्यात राक्षसाची भीती नाही. पोर इथं होती, इतकी वर्षं इथंच होती, हे कळल्याचा धक्का आहे. ती बाई शिंगीची आई, आणि आजवर ती समजत होती, की पोर घरात झोपलेली असते. मग शिंगी उठायला लागते आणि चित्र तिच्याबरोबर वर वर जातं, घोटे, गुडघे, कंबर, छाती. राक्षसाच्या डोळ्याला डोळा भिडायच्या आत चौकटी रिकाम्या होतात. पुढचं समृद्धीला सुचलं नव्हतं.

अयोध्यानं ते दोनदा बघितलं. मग पोरीला विचारलं, "तू जागी व्हतीस?"

"व्हय."

"बाजंखाली?"

"रोज," समृद्धी म्हणाली.

अयोध्या उठली, बाहेर जाऊन वाड्यापाशी उभी राहिली. रडली नाही म्हणे. तिनं मार सोसला होता तो एका हिशोबावर. आपण तोंडातून आवाज काढत नाही, पोरगी झोपलीय, तिला कळत नाही, आपल्यापुरतं आहे. तो हिशोब सात मिनिटांत मोडला. ही बाई पंधरा वर्षं ओठ चावून गप्प मार खात आली ती पोरीसाठी, आणि पोरगी लहानपणभर बाजेखाली डोळे उघडे ठेवून होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बब्रुवान घाईत आला. गिरवलीकडं कुणाची तरी मेंढरं कातरायला जायचं होतं. अयोध्या चुलीपुढं, तव्यावर भाकरी. त्यानं दारातून हाक मारली ती नेमकी डाव्या बाजूनं, जिकडचा कान मेलेला. दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला तो आत आला. समृद्धी आतल्या खोलीच्या चौकटीत उभी होती. तिनं मला पुढचं सगळं सांगितलं ते चौकटी सांगाव्यात तसंच, एकामागून एक, मधे काही न घालता.

त्यानं उजवा हात पाठीमागं नेऊन कमरेत खोचला. डावा उचलला. अयोध्यानं मान वळवली, तर तिला नवऱ्याच्या मागं दारात पोरगी दिसली. उभी. तिनं बांगड्या वर सारल्या नाहीत. हात खाली येताना तिनं दोन्ही हातांनी मनगट धरलं, त्याच्याच झोकानं त्याला खाली ओढलं आणि पंजा तव्यावर टेकवला. भाकरीवर नाही, भाकरी तिनं आधीच सरकवून ठेवली होती. उघड्या लोखंडावर. मग गुडघ्यावर येऊन सगळा भार त्या मनगटावर दिला. चाळीस वर्षं भाकरी थापलेले हात ते.

तो असा ओरडला की वाड्यातली मेंढरं एका कडेला जाऊन कुडाला धडकली. कातडं चरचरलं, वास सुटला. त्यानं पाय झाडले, चुलीचं लाकूड उडालं, समृद्धीच्या पायाजवळ निखारे आले. तो डोकं आपटत होता, तिच्या खांद्याला चावला, रक्त काढलं. सगळं केलं. फक्त उजवा हात कमरेतून काढला नाही. त्या हातानं एक तडाखा दिला असता तर तो सुटला असता. पण तो हात भंडाऱ्याचा होता. डावा जळत होता आणि उजवा पाठीमागं कमरेत, मूठ आवळलेली. समृद्धीला ती मूठ समोरून दिसत होती. ती म्हणाली, "सर, त्याला खरंच देवाची भीती हाय. आमची न्हवती एवढंच."

त्यानं अंग सोडलं तेव्हा अयोध्यानं हात सोडला. तळव्याचं कातडं तव्याला राहिलं.

बब्रुवानला दवाखान्यात कुणी काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, मला ठाऊक नाही. आठवड्यानं त्याचा थोरला चुलतभाऊ वैजनाथ माझ्या दारात. माळावर बैठक बसतेय, गुरुजी तुम्ही पाहिजेत. बायकोनं नवऱ्यावर हात टाकला, अशी गोष्ट माळावर घडली नव्हती. न्याय सारखा पाहिजे, वैजनाथ म्हणाला. बब्रुवाननं भंडारा उचलला होता, आता अयोध्यानं उचलावा, की नवऱ्यावर हात टाकणार नाही. शब्द मागच्यासारखे तुम्हीच सांगा, तुमचे शब्द पक्के असतात. शांताक्का आतून ऐकत होती. तिनं माझी टोपी आणून दिली आणि मी निघताना स्वतःही चपला घातल्या.

लिंबाखाली पंधरा-वीस माणसं. बब्रुवान घोंगडीवर, डावा हात पांढऱ्या पट्ट्यांत, चेहरा उतरलेला. मधे ताटलीत बेल आणि भंडारा. अयोध्या एका बाजूला उभी, खांद्यावर चाव्याची जखम, पोरगी तिच्याशेजारी. अयोध्याला बैठकीतलं काही ऐकू येत नव्हतं, पण ताटली बघून तिला कळलं होतं. तिनं उजव्या मुठीत भंडारा घेतला आणि माझ्याकडं बघून उजवा कान पुढं केला. शब्द सांगा, म्हणून.

मी तिच्या कानाशी वाकलो. जवळून तो कान मी पहिल्यांदाच बघत होतो. पाळी फाटून दोनदा शिवलेली, आतून पाणी वाहून कड पांढरी पडलेली. माझे शब्द त्या कानावर पंधरा वर्षं बसले होते. माझं वाक्य तयार होतं, वैजनाथनं वाटेत पाठ करून घेतलं होतं. ते तोंडातून निघेना.

"अयोध्याबाई," मी म्हणलो, "चुकलो मी."

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. तिला कळलं होतं, मी शपथेवर सांगतो की कळलं होतं. तरी ती म्हणाली, "मोठ्यानं बोला गुरुजी. मला कमी ऐकू येतंय."

मग मी ताठ उभा राहिलो आणि वर्गात ओरडायचो तसा ओरडलो. चुकलो, म्हणलो. शपथ चुकीची घातली, म्हणलो. पंधरा वर्षांपूर्वी ही बाई ठाण्यात निघाली होती, मी हिला शाळेच्या फाटकातून मागं फिरवलं, आज मीच घेऊन जातो. वैजनाथ उठला, काहीतरी बोलायला लागला. शांताक्कानं त्याला कानडीत असं काही सुनावलं, की तो अर्थ न कळताही खाली बसला. बब्रुवान माझ्याकडं बघत होता, लहान पोरानं परीक्षेत बरोबर उत्तर लिहूनही मास्तरानं भोपळा द्यावा, तसा.

अयोध्यानं मुठीतला भंडारा खाली टाकला नाही. देवाचा होता तो. तिनं तो आधी पोरीच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या. आणि आम्ही चौघं पायवाटेनं सडकेकडं निघालो, रिक्षा तिथं मिळते. तव्याचंही सगळं खरं सांगायचं, असं मी तिला चालता चालता खुणेनं सांगितलं. तिनं मान हलवली. सडकेजवळ आल्यावर ती थांबली. तिच्या मनात काहीतरी अडकलं होतं आणि ते विचारायची तिला लाज वाटत होती. पोरीला न विचारता तिनं मलाच विचारलं.

"गुरुजी, डाव्या हाताचंबी लिहून घेत्यात का तिथं?"

मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणलो, घेतात. ती म्हणाली मग पहिल्यापासून सांगते, आणि रिक्षात बसली.